घोरणं आणि 'ताकद'

(घोटावडे, ता. मुळशी येथे बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



विषय घोरण्याचा म्हटल्यावर मागच्या बायका हसल्या. हसा. मीही बरीच वर्षं हसतच होते.

माझा नवरा कारखान्यात कामाला. घोरणं शेजारघरी ऐकू जाई. मध्येच आवाज बंद, श्वासच थांबायचा. मी अंधारात आकडे मोजायचे, वीस, पंचवीस. मग हिसका बसून श्वास यायचा. सकाळी डोकं जड, गाडीवर डुलक्या. आणि हळूहळू आमचं जवळ येणंही बंद झालं. सासूबाई म्हणाल्या, नवऱ्याला धरून ठेवावं लागतं. तो म्हणाला, तूच थंड पडलीस. मला वाटलं, बाहेर कुणी असेल. दोन वर्षं मी आरशात स्वतःतला दोष शोधत होते. त्यानं भिंतीवरच्या जाहिरातीतून 'ताकदी'च्या पुड्या आणल्या, त्याही माझ्या भिशीच्या पैशांतून. तो राग मला अजून आहे.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, घोरता का? तो म्हणाला, छे! मी बाहेर बाकावर बसले होते. मला आत बोलावलं, तेव्हा खरं कळलं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. रक्तातला प्राणवायू उतरतो, शरीर दचकून जागं होतं. असं रात्रभर चालतं. ताठरता अवलंबून असते रक्तवाहिन्यांवर आणि नसांवर, त्यांनाच याचा मार बसतो. बायको कशी दिसते याचा इथं काही संबंध नाही! मुंबईत डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. शंभरांत एकोणीस-वीस जणांचा श्वास झोपेत अडत होता.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली यावरचा सीपॅपचा उपाय मांडला. नाकावर मास्क लावायचा, हवेच्या दाबानं वाट उघडी राहते. नवरा म्हणाला, ही हत्तीची सोंड मी लावणार नाही. पुड्या खाताना लाज नव्हती, मास्कची मात्र वाटली! मशीन स्वस्त नाही हेही खरं. वजन उतरवणं, रात्रीची दारू सोडणं यानंही फरक पडतो.

मास्क नियमित लावला तर बऱ्याच जणांची ताठरता सुधारते, सगळ्यांची नाही. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू ही कारणं वेगळी तपासावी लागतात. पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं मात्र परस्पर घेऊ देऊ नका, त्यानं झोपेतला श्वास आणखी बिघडू शकतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यानं 'ताकदी'ची गोळी घेतली तर जिवावर बेतू शकतं.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून हे विषय उघड मांडले, खटले सोसले. आपण अजून पदराआड कुजबुजतो.

आणखी एक. नवरा बरा झाला म्हणून तुमची इच्छा नसताना हक्क गाजवायचा परवाना त्याला मिळत नाही. आमच्या घरी यावर भांडण झालं, अजूनही होतं.

हा आजार बायकांनाही होतो, पाळी गेल्यावर जास्त. तेव्हा मघाशी हसलेल्या मागच्या बाई, तुमच्या घोरण्याबद्दल सून काय सांगते ते पुढच्या बैठकीआधी विचारून या.