जुनीं यंत्रें आणि त्यांतील ठेव

पालघर आणि बोईसर-तारापूर या टापूंत यंत्र म्हटलें कीं डोळ्यांपुढें कारखाना उभा राहतो. १९६९ सालीं तारापूरच्या केंद्रानें देशांत प्रथमच अणुशक्तीपासून व्यापारी प्रमाणावर वीज दिली. पुढें औद्योगिक वसाहत वाढली आणि दूरदूरच्या गांवांहून आलेल्या कुटुंबांनीं येथें बिऱ्हाडें थाटलीं. मला आज बोलावयाचें आहे तें या मोठ्या यंत्रांविषयीं नव्हे, तर त्या बिऱ्हाडांत धूळ खात पडलेल्या लहान यंत्रांविषयीं. दहा-बारा वर्षांचा मंदावलेला संगणक, बंद पडलेला व्हीसीआर आणि शेजारीं लग्नमुंजींच्या कॅसेटींची चळत, हें दृश्य पुष्कळ घरांत दिसतें. हीं यंत्रें सुधारून घ्यावीं कीं टाकून द्यावीं, आणि त्यासाठीं मदत कशी घ्यावी, हा आजचा विषय.

प्रथम माझीच चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा संगणक फार मंद चालूं लागला. मीं तो एका दुकानांत नेला आणि "चांगला करून द्या" एवढेंच म्हटलें. संगणक परत आला तो नव्यासारखा धावूं लागला. परंतु आईच्या पंचाहत्तरीचें चित्रण त्यांतून पुसलें गेलें होतें. आई त्यापूर्वींच गेली होती. तिचा चालताबोलता आवाज दुसरीकडे कोठेंहि नव्हता. दुकानदारास दोष देऊन मन थोडें हलकें झालें, इतकेंच. आंत काय आहे हें मीं त्याला सांगितलेंच नव्हतें. आपल्याकडील शेतकरी कणगीला भोंक पडलें तर आधीं भात हलवितो आणि मग कणगी लिंपतो. मीं नेमकें उलट केलें.

म्हणून पहिलें काम यंत्राचें नव्हे, ठेवीचें. त्यांतहि घाई हवी ती कॅसेटींची. कॅसेटींतील फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटविलेले चुंबकीय कण. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेंत तो चिकटपणा ढासळतो आणि फितीवर बुरशी धरते. शिवाय ती वाचणारें यंत्रच आतां दुर्मिळ होत चाललें आहे. जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ च्या जुलैंत व्हीसीआर बनविणें थांबविलें आणि ही परंपरा संपली. चालूं असलेला व्हीसीआर ज्याच्याजवळ आहे त्यानें तो जपावा. त्याची पिवळी, पांढरी व तांबडी तार एका लहान रूपांतरकाला जोडली कीं चित्र यूएसबीवाटे संगणकांत उतरतें. दोन तासांची फीत उतरविण्यास दोन तासच लागतात. म्हणून हें काम करणाऱ्यास घाई करूं नये, आणि प्रथम एकच कॅसेट देऊन नमुना पाहावा. पांढरी बुरशी दिसणारी कॅसेट यंत्रांत मुळींच घालूं नये; ती स्वतः बिघडते आणि यंत्रामार्फत दुसरींनाहि बाधा देते.

येथें एक मौजेची गोष्ट आहे. मिनी डीव्ही जातीच्या छोट्या कॅमेऱ्यांतील चित्रण उत्तम प्रकारें उतरतें तें फायरवायर नांवाच्या जोडणीनें. ही जोडणी कित्येक जुन्या संगणकांना आहे, नव्यांना सहसा नाहीं. तेव्हां आपण ज्याला अडगळ म्हणतों तोच संगणक त्या फितीची किल्ली असूं शकतो. फिती उतरवून होईपर्यंत तो भंगारांत देऊं नये.

ठेव दोन ठिकाणीं सुरक्षित ठेवली, एक प्रत घरीं व दुसरी घराबाहेर, कीं मग संगणकाकडे वळावें. मंदपणाचें कारण बहुधा फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क असतें. तिच्या जागीं एसएसडी बसविली तर फरक लगेच जाणवतो. रॅम वाढविण्यापूर्वीं तिची जात पाहावी; डीडीआर तीनच्या खांचेंत डीडीआर चारची पट्टी बसत नाहीं. विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ जुन्या संगणकांपैकीं बहुतेकांना अधिकृतपणें चालत नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स घालून वाचन, लेखन व चित्रपट पाहणें खुशाल चालूं ठेवतां येतें.

आतां मदतनीसाविषयीं. सुटे भाग मिळविण्यासाठीं मुंबईस ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जाण्याची जुनी वहिवाट आहे, आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावूं लागल्यानें ती सुलभहि झाली आहे. परंतु सुटा भाग आणणें सोपें. योग्य प्रश्न विचारणें अवघड. दुरुस्ती करणारा शेजारचा विद्यार्थी असो वा दुकानदार, त्याला चार गोष्टी विचाराव्या: माझी माहिती कायम राहील काय? कोणता भाग बदलणार? जुना भाग परत देणार काय? आणि एकूण खर्च किती? उत्तरें कागदावर लिहून घ्यावीं. चांगला कारागीर या प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट, न बोलावतां दूरध्वनी करून "तुमच्या संगणकांत बिघाड आहे" असें सांगणारा माणूस मदतनीस नव्हे, भामटा समजावा. आणि जुनी डिस्क टाकतांना ती पुरती पुसून घ्यावी. नुसती खोडलेली माहिती पुन्हां वाचतां येते.

श्रोतेहो, यंत्र नवें मिळतें. वीस वर्षांपूर्वींच्या लग्नांत हंसणारी आजी पुन्हां मिळत नाहीं. येत्या रविवारीं कपाटावरील एक कॅसेट खालीं काढा, तिच्यावरचें नांव वाचा आणि ती वाचणारें यंत्र कोणाकडे आहे याची शेजारीं चौकशी करा. पावसाळा लागण्यापूर्वीं एवढें झालें तरी पुष्कळ झालें.