पियानो घरात मावत नाही, मग लॅपटॉपमध्ये कोणता घ्यायचा?

कांदिवलीहून बोलतोय. गेले काही दिवस इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "मिडी कीबोर्ड आहे, लॅपटॉप आहे, खिशात फार पैसे नाहीत. खऱ्यासारखा वाजणारा पियानो सॉफ्टवेअरमध्ये कोणता घेऊ?" तर आज तेवढंच. हे बोलण्याचं लिखित रूप आहे, त्यामुळे भाषा थोडी घरगुती वाटली तर चालवून घ्या.

आधी एक गोष्ट. खरा पियानो म्हणजे ८८ पट्ट्या, साधारण २३० तारा आणि लाकडाचा मोठा पत्रा. मुंबईच्या पावसाळ्यात ते लाकूड हवेतलं पाणी पितं, फुगतं आणि सूर हलतो. मग ट्यूनरला बोलवा. वन बीएचकेमध्ये तो ठेवायचा कुठे, आणि रात्री साडेदहाला वाजवला तर खालच्या मजल्यावरचे काका काय म्हणतील, हे वेगळंच. म्हणून सॉफ्टवेअर.

आमच्या घरात हा प्रश्न बाबांमुळे आला. त्यांनी ३० वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली. निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता पियानो शिकतो. मला भीती एकच होती. आवाज प्लास्टिकचा वाटला, तर तयार कानाचा माणूस दोन महिन्यांत कीबोर्डवर चादर टाकून मोकळा होईल. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पेटीला भाता आहे. याला काय आहे?"

या प्रश्नातच सगळं उत्तर आहे. पियानोत जोर बोटात असतो. हळू दाबलं तर हातोडी तारेला मऊ लागते, जोरात दाबलं तर आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा रंगच बदलतो, तो चमकतो. कीबोर्ड हा जोर १ ते १२७ अशा आकड्यात पाठवतो. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. आता सॉफ्टवेअरकडे प्रत्येक पट्टीचं एकच रेकॉर्डिंग असेल, तर ते फक्त व्हॉल्यूम वरखाली करणार. म्हणून चांगल्या पियानोत एकच पट्टी वेगवेगळ्या जोराने वाजवून रेकॉर्ड केलेली असते. हे झाले लेयर.

थोडं गणित करू, इंजिनिअर आहे, सुटका नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. ८८ पट्ट्या, १६ लेयर, प्रत्येकी २० सेकंद धरा. झाले ८ जीबीच्या वर! म्हणून स्वस्त किंवा फुकट पियानो काटकसर करतात. दर तिसरीच पट्टी रेकॉर्ड करायची आणि शेजारच्या दोन तिच्यातूनच काढायच्या. एक सूर वर जायचं तर रेकॉर्डिंग साधारण ६ टक्के वेगाने वाजवायचं. एवढं कानाला सहसा खटकत नाही. ८८ च्या जागी ३० पट्ट्या पुरतात आणि आकार पावणेतीन जीबीवर येतो.

हीच काटकसर नीट केलेलं उदाहरण म्हणजे सॅलामँडर ग्रँड पियानो. अलेक्झांडर होल्म यांनी यामाहा सी५ वर रेकॉर्ड केला: ३० पट्ट्या, १६ लेयर, आणि पूर्ण फुकट. तो एसएफझेड फॉरमॅटमध्ये मिळतो. वाजवायला सफोर्झांडो किंवा एसफिझ हे प्लेअर लागतात, तेही फुकट. सुरुवात इथूनच करा.

विकत घ्यायचा झाला, तर दोन रस्ते. पहिला, मोठी सॅम्पल लायब्ररी. उदाहरणार्थ गॅरिटन सीएफएक्स, लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत रेकॉर्ड केलेला. त्याची लाइट आवृत्ती स्वस्तही आहे आणि डिस्कही कमी खाते. दुसरा रस्ता पियानोटेक. त्यात पियानोचं रेकॉर्डिंग साठवलेलं नसतं, तारेचं आणि लाकडाचं गणित तिथल्या तिथे सोडवून आवाज तयार होतो. त्यामुळे तो काही एमबींतच बसतो, पण प्रोसेसर चांगला लागतो. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असेल, एसएसडी नसेल, तर मोठी लायब्ररी अडखळते. तिथे पियानोटेकचा विचार करा. त्याचा ट्रायल आहे, आधी तो वापरा.

एक सापळा सांगून ठेवतो. "कोन्टॅक्टसाठी" असं लिहिलेली स्वस्त लायब्ररी दिसली की लगेच घेऊ नका. फुकटच्या कोन्टॅक्ट प्लेअरमध्ये ती चालते का, ते बघा. प्लेअरसाठी बनवलेली नसेल तर १५ मिनिटांनी बंद पडते, आणि मग पूर्ण कोन्टॅक्ट विकत घ्यावा लागतो. लायब्ररी हजाराची, खर्च भलताच.

आता डेमो ऐकताना काय करायचं? पाच चाचण्या.

एक: मधली सा दहा वेळा वाजवा, अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत. रंग बदलतो की फक्त व्हॉल्यूम?

दोन: खालचा एक सूर दाबून धरा आणि शेवटपर्यंत ऐका. शेपटी आपोआप विरते की मध्येच तोच तुकडा फिरायला लागतो?

तीन: एकच पट्टी पटापट वाजवा. मशीनगन ऐकू आली तर पुढचा बघा.

चार: पट्टी पट्टीने वर जा. कुठे आवाज अचानक उडी मारतो का?

पाच: पेडल दाबून एक सूर वाजवा. बाकीच्या तारा किंचित गुंजल्या पाहिजेत. आपल्याला हे समजावून सांगायला नको, तंबोऱ्यावर वाढलेले कान आहेत आपले.

तुलना करताना सगळ्यांचा व्हॉल्यूम सारखा करा, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो. मी बाबांना नाव न सांगता, एकाच आवाजात तीन पियानो ऐकवले. सगळ्यात महागड्याबद्दल म्हणाले, "हा सिनेमातला." सॅलामँडरला म्हणाले, "हा खोलीतला. मला हा लाव." तुमचा कान वेगळं सांगेल, आणि सांगू दे. पण किंमत बघायच्या आधी त्याला विचारा.

शेवटी, सगळ्यात जास्त लोक जिथे कंटाळून सोडतात ती गोष्ट: उशीर. पट्टी दाबली आणि आवाज मागाहून आला, तर जगातला सर्वोत्तम पियानोही खोटा वाटतो. सेटिंगमध्ये बफर असतो. ४८ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे जेमतेम ५. विंडोजवर एसिओ ड्रायव्हर वापरा. ब्लूटूथ इअरफोन अजिबात नको, त्यात १०० मिलिसेकंदाहून जास्त उशीर सहज होतो. वायरवाला हेडफोन लावा. लॅपटॉप नसेल तर आयफोनवर गॅरेजबँड फुकट आहे, आणि अँड्रॉइड ६ पासून ओटीजी केबलने मिडी कीबोर्ड जोडता येतो.

म्हणजे क्रम असा: आधी वायर, मग बफर, मग सॅलामँडर. त्यावर महिनाभर रोज वाजवा. तेव्हाही कानाला काही कमी वाटलं, तर कमी काय आहे हे तुम्हाला नेमकं सांगता येईल. त्याच गोष्टीसाठी पैसे खर्च करा, तेही नोव्हेंबरच्या सेलमध्ये.

पाच चाचण्यांत तुमचा पियानो कुठे नापास झाला, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले काही ऐकवतो. भेटू!