शेंडेनक्षत्र आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शेंडेनक्षत्र हा शब्द आपल्या घराघरांत शिवीसारखा वापरतात. नको तेव्हा दारात आलेला पाहुणा धूमकेतू आणि अपशकुनी ठरवलेले माणूस शेंडेनक्षत्र! ज्याच्या नावाने आपण इतकी बोटे मोडतो, तो आहे तरी कोण, हे आज चार शब्दांत सांगते.

धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि खडे यांचा गोळा. बहुधा तो काही किलोमीटरांचाच असतो. सूर्यापासून दूर असतो तेव्हा तो थंडगार असतो आणि त्याला शेपूट नसते. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, तिच्याबरोबर धूळ उडते आणि गोळ्याभोवती धूसर वलय तयार होते. सूर्यप्रकाशाच्या दाबाने धूळ मागे ढकलली जाते, ती पिवळसर, वाकडी शेपटी. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वाराही सतत वाहत असतो. तो वायूला घेऊन जातो, ती निळसर, सरळ शेपटी.

उदबत्ती घेऊन चालले तर धूर मागे राहतो. धूमकेतूचे तसे नाही. त्याची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते. त्यामुळे परत जाताना ती चक्क त्याच्या पुढे असते. वाऱ्याकडे पाठ करून चालले की आपला पदर पुढे उडतो ना, तसेच हे.

आता तो सापडतो कसा? तारे एकमेकांपासून जागा बदलताना दिसत नाहीत. त्यांच्यामधून सरकणारा अंधूक ठिपका दिसला की शोध सुरू होतो. कॅरोलिन हर्शेल ही जर्मनीत जन्मलेली बाई. मुलीने घरकामापुरतेच शिकावे, असे तिच्या आईचे मत. पुढे ती इंग्लंडात भावाकडे गेली. त्याने तिला लहान दुर्बीण करून दिली. केर काढताना आपण कोपरा न् कोपरा झाडतो, तसे ती रात्रभर आकाश पट्ट्यापट्ट्याने तपासत असे. 1786 मध्ये तिला पहिला धूमकेतू सापडला आणि 1797 पर्यंत एकूण आठ. राजाने तिला सालीना पन्नास पौंड वेतनही दिले.

अमेरिकेतल्या कॅरोलिन शूमेकर यांनी तर तीन मुले वाढवून झाल्यावर, पन्नाशीच्या सुमारास या कामाला हात घातला. विज्ञानाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. आकाशाच्या एकाच भागाची थोड्या वेळाच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे त्या शेजारी ठेवून पाहत. तांदळातला खडा ओळखावा, तसा सरकलेला ठिपका त्या हेरत. असे 32 धूमकेतू त्यांच्या नावावर आहेत. त्यांतला 1993 मध्ये सापडलेला शूमेकर–लेव्ही 9 पुढच्या वर्षी, जुलै 1994 मध्ये, तुकड्यातुकड्यांनी गुरूवर आदळला.

धूमकेतूला शोधणाऱ्याचे नाव देण्याची रीत आहे. 1949 मध्ये आपल्या वेणू बाप्पू यांनी अमेरिकेत शिकत असताना सहकाऱ्यांबरोबर शोधलेला धूमकेतू बाप्पू–बोक–न्यूकर्क म्हणून ओळखला जातो. हॅलेने मात्र स्वतःचा धूमकेतू शोधला नव्हता. 1682 मध्ये दिसलेला धूमकेतू 1758 च्या सुमारास परत येईल, असे त्याने गणिताने सांगितले. तो आला, पण ते पाहायला हॅले हयात नव्हता. तोच 1910 व 1986 मध्ये येऊन गेला, आता 2061 मध्ये येईल. ज्याचे येणे आधी सांगता येते, त्याला अवचित आलेले संकट कसे म्हणावे?

1910 मध्ये त्याच्या शेपटीतल्या विषारी वायूने माणसे मरतील, अशी हूल उठली. परदेशात लोकांनी गोळ्या विकून पैसे केले. शेपटी इतकी विरळ असते की कुणाचा केसही वाकडा झाला नाही.

जुलै 2020 मध्ये निओवाइज धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसला. तो शोधणाऱ्या अवकाशातल्या दुर्बिणीचेच नाव त्याला दिले आहे. त्याच महिन्यात आमच्या आळीत एक मुलगी जन्मली. “शेंडेनक्षत्रावर आली, म्हणून रोगराई,” असे कुणीसे बोलले. ती आता शाळेत जाते, पण भांडणात अजून तिला तो शब्द ऐकावा लागतो. भगिनींनो, साधा हिशोब करा. करोना 2019 च्या अखेरीस सुरू झाला. हा धूमकेतू दुर्बिणीलाच सापडला मार्च 2020 मध्ये आणि मुलगी जन्मली जुलैत. आधी झालेल्या गोष्टीचा दोष मागून आलेल्यावर कसा? धूमकेतू तर निघून गेला, सहा हजारांहून अधिक वर्षे परतायचा नाही. बोल मात्र लेकराच्या कपाळी राहिला.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. हा शब्द आपल्यापैकी कुणी कुणाला हिणवण्यासाठी वापरू नये. आणि पुढच्या वेळी धूमकेतू दिसणार असल्याचे कळले की आळीतली सारी मुले, मुलींसकट, गच्चीवर न्यावीत. त्यांना आधी शेपटी दाखवावी आणि मग विचारावे, “सांगा पाहू, सूर्य कोणत्या बाजूला?”