आठवीनंतर मुलांचे पुढे काय?



बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची जबाबदारी घेतो. आठवीचा निकाल लागून दाखला हाती पडला, की जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांचा त्या मुलाशी संबंध संपतो. माध्यमिक शाळा जवळ असेल तेथे फारसे बिघडत नाही. परंतु बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या लागतात आणि पंधरा वर्षांचा मुलगा आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातो. तेथे नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात व उचल कोयत्यावर मिळते. म्हणून कित्येक मुलामुलींची लग्नेही वेळेपूर्वी उरकली जातात. उचल एकदा अंगावर पडली, म्हणजे ती फिटेपर्यंत दुसऱ्या वाटेचा विचारच राहत नाही.

अशा मुलांना हाताला काम देणारे शिक्षण मिळावे म्हणून सरकारने पैसा ठेवला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाप्रमाणे चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास कारखान्यात उमेदवारी करता येते. धोक्याच्या उद्योगांत ही मर्यादा अठरा वर्षांची आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी पाचवी ते नववी शिकलेल्या उमेदवारासही दरमहा किमान ५,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार सोसू लागले. २०२३ पासून तो हिस्सा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दहावी नापास मुलास जागा नाही, असा समज खेड्यापाड्यांत दृढ आहे, आणि खेदाची गोष्ट ही की, तो शिक्षकांतही आढळतो. वस्तुतः वेल्डर, वायरमन, शिवणकाम असे काही व्यवसाय आठवी उत्तीर्णांसाठी खुले आहेत. उलट २०२४ मध्ये राज्याने काढलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ६,००० ते १०,००० रुपयांचे मासिक विद्यावेतन होते. पण तिचे दार बारावीपासून पुढेच उघडत असे. अनेक शाळांतून त्या योजनेचे प्रशिक्षणार्थी वावरले. मात्र त्याच गावातील नववीतून गळालेल्या मुलाला तिचा उपयोग नव्हता.

पैशाइतकीच सोबतीची गरज असते, हे २०१४ च्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेने ओळखले होते. ही योजना १५ ते ३५ वर्षे वयाच्या गरीब ग्रामीण तरुणांसाठी निघाली. काम लागल्यावरही मुलाला दरमहा १,००० रुपयांचे साहाय्य तिने ठेवले: स्वतःच्या जिल्ह्यात काम लागल्यास दोन महिने, जिल्ह्याबाहेर पण राज्यात तीन महिने आणि परराज्यात सहा महिने. घर जितके दूर, तितका आधार अधिक काळ! खोलीभाडे, खानावळ, अनोळखी भाषा आणि पहिला पगार होईपर्यंतचा महिना, यांपायीच मुले परततात. कौशल्य कमी पडले म्हणून परतणारे त्या मानाने थोडेच. परंतु रुपयांची तरतूद करता येते, ओळखीच्या माणसाची येत नाही. मुंबई-पुण्याच्या केंद्रातील समुपदेशक मुलाला प्रथमच पाहत असतो. त्याला आठ वर्षे पाहिलेला मनुष्य गावच्या शाळेतच असतो.

यास्तव शिक्षकाकडून अपेक्षा आहे ती साध्याच कामांची. जनरल रजिस्टरातील नाव व जन्मतारीख, आधारपत्रिका आणि बँकेचे पुस्तक यांत एका अक्षराचाही फरक असेल, तर विद्यावेतन अडते. मूल शाळेत असताना ही दुरुस्ती सोपी. दाखला बाहेर गेल्यावर फार जिकिरीची. सातवी-आठवीच्या वर्गातच ती तपासून घ्यावी. मुलाचा व त्याच्या एका नातलगाचा दूरध्वनी क्रमांक वहीत टिपून ठेवावा, आणि काम लागल्यानंतर पहिले तीन महिने पंधरवड्यातून एकदा त्याची चौकशी करावी. मुलींच्या बाबतीत हे बोलणे आईशी झाले, तर अधिक बरे.

पालकांची भेटही वेळेवर घेतली पाहिजे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे हंगाम संपवून उन्हाळ्यात गावी असतात आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशाची खटपट त्याच सुमारास सुरू होते. मुकादम पुढच्या हंगामाची उचल घेऊन दारी येण्यापूर्वी शिक्षकाने त्या घरी जाऊन आलेले असावे.