पीसीओएस आणि रक्ताचा रिपोर्ट

पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, आणि मुलीला घेऊन आई थेट लॅबमध्ये जाते. सगळी हार्मोन्स तपासून घेते. रिपोर्टात एखादा आकडा ठळक दिसला, की घरात लग्नाची, मूलबाळाची काळजी सुरू होते. पण पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, एका आकड्यावरून ओळखता येत नाही.

२००३ साली रॉटरडॅमच्या बैठकीत निदानाचे निकष ठरले, तेच थोड्या सुधारणांसह आजही वापरतात. पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत अंडाशयात दिसणारे पुष्कळ बारीक बीजकोश, यांपैकी दोन गोष्टी प्रौढ स्त्रीत हव्यात. २०२३पासून सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालते. वयात येणाऱ्या मुलींना मात्र या दोन्ही तपासण्या लावू नयेत. त्या वयात भरपूर बीजकोश असणं स्वाभाविक असतं, आणि उगाच शिक्का बसतो.

पाळी बिघडवणारे इतर आजारही वगळावे लागतात. त्यासाठी थायरॉइडचं टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि सकाळी लवकर घेतलेलं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन.

खरी गफलत होते ती टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या तपासणीत. स्त्रीच्या रक्तात ते मुळातच थोडं, त्यातलं बहुतेक प्रथिनांना चिकटलेलं. शरीरावर परिणाम करतं ते मोकळं टेस्टोस्टेरॉन. इन्सुलिन वाढलं, की यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवतं आणि मोकळा भाग वाढतो. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आलं तरी तेवढ्यावर थांबू नये, सोबत एसएचबीजी पाहावं. पाळी नियमित करायला दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्या उलटं करतात. त्यांनी एसएचबीजी वाढतं, टेस्टोस्टेरॉन उतरतं, आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ दिसतो. खरा आकडा हवा असेल तर गोळ्या किमान तीन महिने बंद लागतात. पण बायांनो, त्या आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि गोळ्या चालू असताना रक्त दिलं असेल, तर तेही त्यांना सांगा.

निदान झाल्यावर एक साधी तपासणी राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. उपाशीपोटी रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. पीसीओएस असलेल्या बाईला मधुमेहाचा धोका जास्त असतो, अगदी सडपातळ असली तरी. ही तपासणी मागून घ्या.