वार्निशचा तिसरा हात



धर्मादाय संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात उद्योगधंद्यावरील व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी पेढी आहे, दुकान आहे, लहानमोठा कारखाना आहे, आणि पुष्कळ ठिकाणी आता तिसरी पिढी गादीवर बसू लागली आहे. आजोबांनी एका मालाच्या जोरावर नाव मिळविले, वडिलांनी ते वाढविले आणि शिकून आलेला नातू म्हणतो की हे सारे जुने झाले, बदलावयास हवे. नातवाचे म्हणणे सहसा चुकीचे नसते. बदलायचे काय आणि राखायचे काय, हे ठरविताना मात्र भल्याभल्यांची गफलत होते. डेन्मार्कमधील एका कुटुंबाची पेढी याच गफलतीपायी २००३-०४ च्या सुमारास बुडण्याच्या काठावर आली होती. तिचे नाव ‘लेगो’. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या त्या रंगीत प्लास्टिकच्या विटा आज आपल्याही घरांतील मुलांच्या हाती दिसतात.

या पेढीचे मूळ पुरुष ओले कर्क क्रिस्टियानसेन हे बिलुंड नावाच्या खेड्यातील सुतार. जागतिक मंदीत घरबांधणीची कामे थांबली, तेव्हा १९३२ साली त्यांनी लाकडी खेळणी करावयास घेतली. त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. पदरी चार मुलगे होते. ‘छान खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरे जोडून त्यांनी ‘लेगो’ हे नाव तयार केले. मुलांच्या वस्तूतही उत्तमाहून कमी काही चालावयाचे नाही, हा त्यांचा आग्रह. त्या आशयाचे वचन मुलगा गॉटफ्रेड याने लाकडावर कोरून कारखान्यात टांगले होते.

गॉटफ्रेडचीच एक गोष्ट त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. सहकारी भांडाराकडे लाकडी बदकांची पेटी पाठवावयाची होती. बदकांना वार्निशचे तीन हात द्यावयाचे, असा कारखान्याचा शिरस्ता होता. गॉटफ्रेडने दोनच हात दिले, पेटी रेल्वे स्थानकावर पोहोचती केली आणि सायंकाळी मोठ्या उत्साहाने वडिलांना सांगितले की आज आपण पैसे वाचविले. वडिलांनी त्याला पेटी परत आणावयास लावली. तिसरा हात त्याने एकट्याने द्यावयाचा आणि माल पुन्हा स्थानकावर न्यावयाचा, मग रात्र उलटली तरी चालेल, अशी आज्ञा झाली. आपल्याकडील किती पेढ्यांवर अशी पेटी परत आली असती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल की जुने तेच धरून बसावे. वस्तुतः या कुटुंबाने जुने धरून ठेवले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ओले कर्क यांनी प्लास्टिकची खेळणी तयार करणारे महागडे यंत्र विकत घेतले. आयुष्यभर रंधा चालविलेल्या माणसाला हे सोपे गेले नसावे. २८ जानेवारी १९५८ रोजी विटेच्या आजच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज दाखल झाला. वर गोल खुंट्या, आत पोकळ नळ्या आणि मुलाला लावता येईल, काढताही येईल इतकीच घट्ट पकड. त्याच वर्षी ओले कर्क वारले. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचे कोठार जळाले, तेव्हा गॉटफ्रेड यांनी लाकडी माल बंदच करून टाकला. ज्या बदकांसाठी रात्री जागविल्या, ती बदकेच गेली. तरी पेढी हरवली नाही. कारण मुलाने आपल्या हाताने, आपल्या बुद्धीने काही रचावे, हा हेतू लाकडाबरोबर जळाला नव्हता. आठ खुंट्यांच्या केवळ सहा सारख्या विटा ९१ कोटींहून अधिक प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. आज घेतलेली वीट १९५८ च्या विटेवर बसते.

पुढे गॉटफ्रेड यांचे चिरंजीव केल्ड यांच्या हाती कारभार आला. भरभराट झाली. मग संगणकावरील खेळांचे युग आले, विटेचे पेटंट संपून इतर कारखानेही तशाच विटा करू लागले, आणि १९९८ साली पेढीने इतिहासातील पहिला तोटा पाहिला. पुढील वर्षी जवळजवळ हजार माणसांना घरी जावे लागले. बाहेरून कसलेला व्यवस्थापक आणला गेला. सर्वांचे एकमत झाले की विटेचे दिवस संपले, ‘लेगो’ हे नाव मात्र मोठे आहे, त्यावर काहीही विकता येईल. कपडे आले, घड्याळे आली, संगणकीय खेळ आले. ब्रिटन, कॅलिफोर्निया आणि जर्मनी येथे खर्चिक क्रीडानगरी उभ्या राहिल्या. दूरचित्रवाणी मालिकेवर बेतलेल्या अशा बाहुल्या निघाल्या की त्यांत रचण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते. लहानग्यांच्या मोठ्या विटांचे ‘डुप्लो’ हे घरोघरी रुजलेले नावसुद्धा २००२ मध्ये काढून टाकण्यात आले. पालक दुकानात जाऊन डुप्लो शोधीत राहिले.

यात कोणी आळशी नव्हते, अप्रामाणिक तर मुळीच नव्हते. नवे काही करा, चौकटीबाहेर विचार करा, हा त्या काळी सर्व जाणत्यांचा उपदेश होता आणि पेढीने तो अक्षरशः पाळला. वाण्याच्या दुकानात जसा नव्या नव्या मालाने पोटमाळा भरत जावा आणि गल्ला रिकामाच राहावा, तसे झाले. १९९७ मध्ये जे निरनिराळे सुटे भाग सुमारे सहा हजार होते, ते २००४ पर्यंत बारा हजारांच्या पुढे गेले. प्रत्येक नव्या भागाला नवा साचा लागे आणि साचा अत्यंत महाग. आखणी करणाऱ्या कलावंताला आपल्या भागाची किंमत ठाऊक नसे. कोणत्या खेळण्यावर नफा होतो आणि कोणते विकले की तोटा वाढतो, हे वरिष्ठांनाही नीट सांगता येत नव्हते. वहीखात्याच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्यांना यावर अधिक भाष्य नको.

२००४ चा तोटा सुमारे १९० कोटी डॅनिश क्रोनर इतका होता. केल्ड यांनी घरचे पैसे घातले आणि त्याहून अवघड गोष्ट केली: स्वतः पायउतार होऊन पस्तीस वर्षांच्या एका तरुणाला प्रमुख नेमले. यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प हे त्याचे नाव. कुटुंबाबाहेरचा, खेळण्यांच्या धंद्यात जेमतेम तीन वर्षे काढलेला. त्याने आधी हिशेब मांडला, तोटा थांबविला आणि मग साधासा प्रश्न विचारला: ही पेढी नसती, तर जगाचे काय उणे पडले असते? कपडे आणि घड्याळे करणारे पुष्कळ होते. वीट आणि विटेशी विटेचे जुळणे, हे मात्र दुसऱ्या कोणाकडे या तोडीचे नव्हते.

त्या उत्तराची किंमत जबर होती. क्रीडानगऱ्यांची मालकी २००५ मध्ये विकली गेली. त्यांतील पहिली, बिलुंडची, १९६८ साली गॉटफ्रेड यांनी उभारलेली. वडिलांची ती आठवण पुत्राने दुसऱ्याच्या हवाली केली, लहानसा हिस्सा तेवढा राखला. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांनी चूक केली नव्हती त्यांनीही ती किंमत मोजली, हे सांगितल्याशिवाय ही कथा खरी होत नाही. सुट्या भागांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली. कलावंतांना सांगण्यात आले की नवा भाग हवा असेल तर आहे त्यातून का भागत नाही, ते पटवून द्या. बंधनाने प्रतिभा आटेल अशी भीती होती. उलट ती बहरली. ‘डुप्लो’ परत आले. मोठ्या वयाचे जे शौकीन घरी बसून विटा रचीत आणि ज्यांच्याकडे पेढीने आजवर दुर्लक्ष केले होते, त्यांचे म्हणणे ऐकावयास सुरुवात झाली.

सारेच निर्णय बरोबर ठरले नाहीत. खर्च वाचावा म्हणून २००६ मध्ये बरेचसे उत्पादन बाहेरच्या कंपनीकडे सोपविले आणि दोन वर्षांतच ते परत आपल्याकडे घेण्याचे ठरले. साच्यावरची हुकमत हाच आपला प्राण आहे, हे तेव्हा उमगले. गॉटफ्रेडची दोन हातांची बचत ती हीच, फक्त आकडे मोठे होते.

पुढील यश सर्वांना ठाऊक आहे. २०१४ च्या पूर्वार्धात विक्रीच्या मानाने ही पेढी जगातील सर्वांत मोठी खेळणी-उत्पादक ठरली. पण यशातही पसारा पुन्हा वाढला. २०१७ मध्ये विक्री घटली आणि १,४०० जागा कमी करण्याची घोषणा झाली. दहा-बारा वर्षांपूर्वी दिलेले उत्तर नव्या माणसांच्या कानी पडलेच नव्हते, असे म्हणावे लागते. त्यांनी फक्त भरभराट पाहिली होती. आपल्या संस्थांत स्थापनेच्या वेळची माणसे एकेक करून जातात आणि नियमावली तेवढी मागे राहते, त्यासारखेच हे.

एक अलीकडचा प्रसंग. २०२१ मध्ये पेढीने वापरलेल्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासून केलेली वीट मोठ्या उत्साहाने जगापुढे ठेवली. सर्वत्र कौतुक झाले. दोन वर्षे प्रयोग चालले आणि नव्या यंत्रसामग्रीसह हिशेब मांडला, तेव्हा दिसले की या मार्गाने कार्बनचे उत्सर्जन घटणार नाही, उलट वाढेल. जाहिरातीसाठी ती वीट सोयीची होती. ग्राहकाला हा फरक कधी कळलाही नसता. २०२३ मध्ये पेढीने तो प्रकल्प सोडून दिल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या द्रव्याचा शोध पुढे चालू ठेवला.