नकाराचा अधिकार आपल्याला नाही



ज्योतिषांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. या मानाबरोबर स्पष्ट बोलण्याची जबाबदारीही येते. ती मी एकाच विषयापुरती पार पाडणार आहे. तो विषय म्हणजे शिक्षण, नोकरी आणि व्यवसाय यांविषयी आपण देत असलेला सल्ला.

आपल्याकडे विवाहाच्या प्रश्नाइतकाच हा प्रश्न आता येतो. सायन्स घ्यावे की कॉमर्स, नोकरी सोडून धंदा करावा का, परदेशयोग आहे का, बढती कधी. विचारणारा सोळा वर्षांचा असो की पंचेचाळीसचा, आपल्या एका वाक्यावर तो पुढची काही वर्षे बेततो.

उपजीविकेचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिरांच्या बृहज्जातकात ‘कर्माजीव’ हा त्यासाठीचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात रवीकडे सोने, लोकर, औषधे आहेत. चंद्राकडे शेती आणि पाण्यातील उत्पन्न. मंगळाकडे धातू, अग्नी, शस्त्रे. बुधाकडे लेखन, गणित, काव्य, शिल्प. आणि शनीकडे अंगमेहनत, ओझी वाहणे, हलकी मानली गेलेली कामे. त्या समाजाने श्रमाला कोणती पायरी दिली होती, ते या यादीत उतरले आहे. आज आपण बुधाला अकाउंट्स आणि राहूला कॉम्प्युटर जोडतो. ही जोडणी आपल्या पिढ्यांनी केली. ती ग्रंथात नाही. देश, काल आणि पात्र पाहिल्याशिवाय फल सांगू नये, हे आपल्याला पहिल्या धड्यात शिकवले जाते. मग दशमात शनी दिसला म्हणून ‘धंद्यात पडू नकोस, आयुष्यभर नोकरीच’ असे आपण कोणत्या आधारावर सांगतो?

आता गणिताकडे येऊ. व्यवसायासाठी आपण दशमांश कुंडली पाहतो. एक दशमांश तीन अंशांचा, म्हणजे लग्नाच्या गतीने साधारण बारा मिनिटांचा. प्रसूतिगृहातील जन्मवेळ मात्र बहुतेकदा पाच-दहा मिनिटांच्या पटीत लिहिलेली असते. त्यात चित्रापक्ष आणि रैवतपक्ष यांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचे अंतर. दाते पंचांग आणि टिळक पंचांग घेऊन बसलेल्या दोन अभ्यासकांमध्ये एका अख्ख्या दशमांशाहून मोठा फरक आधीच पडलेला असतो. एवढ्या सैल मापावर कोणाच्या आयुष्याचे दार बंद करणे न्यायाचे नाही.

आणखी एक गोष्ट मी या व्यासपीठावरून मुद्दाम बोलणार आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात आपल्या विद्येची चाचणी घेतली आणि 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाने चाळीस पत्रिका पाहून कोणती कुठली ते सांगायचे होते. 27 जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण 46 टक्के निघाले. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर येतात. या चाचणीवर आपल्या वर्तुळात पुष्कळ आक्षेप घेतले गेले. पण पत्रिकेवरून बुद्धीचा अंदाज करता येतो हा दावा आपलाच होता, आणि तो तिथे टिकला नाही. हे मान्य केल्यावर ‘याच्या पत्रिकेत विद्यायोग नाही’ हे वाक्य कोणत्याही मुलासमोर उच्चारण्याचा अधिकार आपल्याकडे उरत नाही.

साडेसातीचेही तसेच. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो आणि साडेसाती तीन राशींना लागते. म्हणजे कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींचे लोक साडेसातीत असतात. ‘साडेसाती संपेपर्यंत नोकरी बदलू नका’ हा सल्ला सर्वांनी पाळला, तर समाजातील जवळपास चौथा हिस्सा माणसे सतत जागच्या जागी थांबून राहतील. तरण्या वयातील साडेसात वर्षे ही किती मोठी किंमत आहे, याचा विचार सल्ला देणाऱ्याने करायचा असतो.

मग आपण करायचे काय? पत्रिका मांडली की माणूस मोकळा होतो, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. ऑफिसातला अपमान, कर्जाचा हप्ता, मुलाशी तुटलेला संवाद हे सारे तो आपल्यापुढे बोलतो, कारण इथे त्याला कमीपणा वाटत नाही. हा विश्वास मोलाचा आहे. वडील बोलत असतील तर त्यांना थांबवून मुलीला विचारा, तुला काय करावेसे वाटते? कोणत्या विषयात तुला वेळेचे भान राहत नाही? फीची तजवीज आहे का? त्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणाला भेटलात का? मग त्यांना कल चाचणी घेणाऱ्या समुपदेशकाकडे, शाळेतील शिक्षकांकडे पाठवा. कुंडलीने हे संभाषण सुरू करून द्यावे, एवढेच. निर्णय त्या घराचा आहे, हे शब्द आपल्या तोंडून त्यांना ऐकू आले पाहिजेत.

म्हणून या अधिवेशनापुढे मी चार गोष्टी ठरावासाठी ठेवतो. कोणालाही शिक्षणापासून वा व्यवसायापासून परावृत्त करणारे भाकीत आपण करणार नाही. नोकरी मिळावी म्हणून रत्ने वा शांती विकणार नाही. उमेदवार निवडण्यासाठी कोणी मालक पत्रिका घेऊन आला, तर ते काम नाकारू. आणि नोकरीच्या चिंतेने खचलेला, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलणारा माणूस समोर आला, तर पत्रिका मिटून त्याला त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवू.

या ठरावाने आपल्यातील काहींचे उत्पन्न घटेल, याची मला जाणीव आहे. तरीही विश्वासाने आलेल्या मुलांचे भवितव्य आपल्या उत्पन्नापेक्षा मोठे आहे. उद्याच्या खुल्या सत्रात यावर चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, पण मतदान केल्याशिवाय गावी परतू नका, ही माझी हात जोडून विनंती.